विकी आणि वर्गातील सहलेखन

विकी हा संकेतस्थळाचा प्रकार वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये सुरू केला; त्यात वाचक स्वतः पान सुधारू शकतो आणि आजच्या बहुतेक विकींत प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात नोंदला जातो. वर्गासाठी खरे मोल या इतिहासाचेच आहे: कोणी काय लिहिले, काय खोडले, हे शिक्षकाला दिसते. मुले नक्कल करतील, हा आक्षेप निराधार नाही. पुण्यात 2011 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा इंग्रजी विकिपीडियावरील लेखन-उपक्रम प्रताधिकारभंगामुळे आवरावा लागला. मात्र उसना मजकूर कोणी घातला, हे कळले तेही बदलांच्या नोंदींमुळेच. नकलेवरचा उपाय विषयनिवडीत आहे. उदाहरणार्थ, भिवंडीतील वर्गाला तिथले यंत्रमाग, ताणा-बाणा (उभे-आडवे धागे), कांडीवर सूत भरण्याचे काम, त्यासाठी मराठी, उर्दू, तेलुगू घरांत रुळलेले शब्द यांवर आयते उतारे सहज मिळत नाहीत. अशा विषयांवर कारागिरांना विचारूनच लिहावे लागते आणि एका विद्यार्थ्याची चूक दुसऱ्याला घरी विचारून, पडताळून दुरुस्त करता येते.