पोळेतली लाकडी घरं

26 जानेवारी 2001, सकाळचे 8 वाजून 46 मिनिटं. प्रजासत्ताक दिन म्हणून इस्त्रीचा गणवेश अंगावर होता आणि पायाखालची जमीन सरकली. तेव्हा मी अहमदाबादच्या छावणीत होतो. भूकंपाचं केंद्र तिकडे कच्छमध्ये, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. तरी दुपारी आम्ही शहरातल्या एका कोसळलेल्या इमारतीसमोर घण, पहारी घेऊन उभे होतो. मजल्यावर मजला बसला होता, भाकरीची चळत असावी तसा. तीन रात्री तिथे गेल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

चौथ्या दिवशी जुन्या शहरात जाऊन या म्हणाले. गल्ल्या इतक्या अरुंद की आमची गाडी बाहेरच राहिली. नवं सिमेंटचं काम असं पडलं, तर ही जुनी, वाकलेली, वाळवी लागलेली घरं भुईसपाट झालेली दिसणार अशी मनाची तयारी होती. पाहतो तर कौलं घसरलेली, गिलावा निखळलेला, काही भिंती फुगलेल्या, एखादं घर बसलेलं, पण बहुतेक घरं उभी. ओट्यावर स्टोव्ह पेटला होता. एका आजोबांनी चहा दिला आणि गिलावा पडलेल्या जागी बोट ठेवलं. विटांच्या भिंतीत आडवं लाकूड दिसत होतं.

या वस्त्यांना पोळ म्हणतात. आपल्याकडे पोळ म्हणजे देवाला सोडलेला बैल. गुजरातीत तो शब्द संस्कृत ‘प्रतोली’वरून, म्हणजे वेस किंवा दरवाजा यावरून आला असं सांगतात. अहमदशहानं 1411 मध्ये शहर वसवलं आणि पुढे अशा शेकडो पोळी झाल्या. एक दरवाजा, आत गल्ली, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून घरं, मध्ये पाखरांना दाणे टाकायचा चबुतरा, देऊळ, विहीर. रात्री दरवाजा बंद.

घराचा सांगाडा सागाचा. दगडी उथळ्यावर खांब, त्यावर तुळया. वाड्यात वाढलेल्या माणसाला नवं काही नाही. आपल्याकडे घर खणांत मोजतात तसलाच हिशेब. फरक भिंतीत आहे. विटांच्या थरांमध्ये काही काही अंतरावर लाकडाचे आडवे पट्टे घालून ते खांबांशी सांधलेले असतात. हादरा बसला की वीट तडकते, पण लाकूड तिला जागच्या जागी धरून ठेवतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं श्रेय लाकडाचं नाही. लांबून आलेल्या त्या भूकंपाच्या लाटा सावकाश झुलणाऱ्या होत्या, साबरमतीच्या गाळावर त्या वाढल्या आणि उंच इमारतींना जास्त जाचल्या. शहरात सुमारे 70 बहुमजली इमारती पडल्या, साडेसातशेच्या आसपास माणसं गेली. बऱ्याच इमारतींत तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर, आणि वर भरभक्कम भिंती. पाय काटकुळे आणि डोक्यावर पोतं. 1819 च्या कच्छच्या भूकंपात याच शहरातल्या जामा मशिदीचे दगडी मिनार पडले होते. भूकंप इथे पाहुणा नव्हता.

पण मला जास्त विचारात पाडलं ते पोळेच्या कायद्यांनी. मुंबई इलाख्याच्या 1879 च्या गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. पूर्वी घर विकायचं किंवा गहाण टाकायचं तर आधी पोळेतल्या लोकांना विचारायचं, बाहेरच्याला परस्पर द्यायचं नाही. विक्रीतला काही हिस्सा पोळेच्या सामाईक पैशात जायचा. दरवाजाची, विहिरीची डागडुजी त्यातून. भिंत सामाईक असली की शेजाऱ्याची वाळवी ही आपलीही वाळवी असते.

1758 ते 1817 या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा वाटून अंमल होता. रायखडमध्ये गायकवाडांची हवेली आजही आहे. मराठी माणूस म्हणून छाती फुगवायला गेलो तर इथले जाणकार हसून सांगतात, त्या काळात करांनी शहर पिळून निघालं होतं. पोळेचा दरवाजा चोरांसाठी होता तसा आमच्यासाठीही असणार.

घर बदलायचंही सोपं. भाऊ वेगळे झाले की फळ्यांची आडभिंत उभी, पुन्हा एकत्र आले की ती काढायची. चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं, ते मात्र सगळ्यांचं. खांब बुडाशी कुजला तर तेवढाच भाग कापून नवं लाकूड सांधायचं. घर मोडलं तरी तुळई दुसऱ्या घरात जायची. सिमेंटच्या ढिगाऱ्यातून आम्ही काढलं ते फक्त खडी आणि वाकड्या सळया.

लाकूड सुटं होतं हाच त्याचा घातही. 1881 मध्ये लॉकवूड द फॉरेस्ट नावाचा अमेरिकी सजावटकार इथे आला, मगनभाई हठीसिंग यांच्या साथीनं कोरीवकामाचा कारखाना काढला. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या घराला अहमदाबादी सागाची कोरीव खिडकी अजून आहे. ते नवं काम होतं, कारागिरांना मजुरी मिळाली. नंतर मात्र जुनी घरंच उतरवून विकली जाऊ लागली.

2018 मध्ये पुन्हा इथे पोस्टिंग आली. वर्षभर आधीच युनेस्कोनं अहमदाबादला भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरवलं होतं. आमच्या ऑफिसातला क्लार्क पोळेतला. एका रविवारी म्हणाला, साहेब, घर बघायचं तर आजच चला. सात वाटेकरी, पाच नदीपलीकडच्या फ्लॅटमध्ये, एक परदेशात. वारसा घरांच्या मालकांना न वापरलेला बांधकामाचा हक्क विकून डागडुजी करता येते, अशी सोय सरकारनं केली आहे. पण अर्जावर सात सह्या लागणार होत्या. सहाच झाल्या.

व्यापाऱ्याची माणसं आली होती. खांबांवर खडूनं आकडे घालत होती. वरच्या मजल्यावरची एक तुळई खाली उतरवली, तर तिच्या बाजूला रिकाम्या खाचा दिसल्या, या घरातल्या कशातच न बसणाऱ्या. म्हणजे ही आधी कुठल्यातरी दुसऱ्या घरात होती. क्लार्क त्या खाचांवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं व्यापाऱ्याला विचारलं, ही कुठे जाणार? तो म्हणाला, रिसॉर्टला, आणि तिच्यावर 14 आकडा घातला.