मिठाच्या विहिरी आणि गंजलेले पंप

अकोला-अमरावतीला समुद्र नाही, तरी आपलं लोखंड मीठच खातं. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा. इथल्या विहिरींच्या पाण्यातून पूर्वी मीठ काढत. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, पुढे तो धंदा बंद पडला. खारेपणा तेवढा राहिला.

पंप खोलला की मिस्त्री आधी पांढरा थर बघतो, मग इंपेलर. पाती कुरतडलेली असतील तर घासून काही होत नाही, बदलावीच लागतात. जाम बोल्ट तेल पाजून सोडवायचे. कोकणात होडीचं इंजिन खाऱ्या पाण्यातून आलं, की गोड्या पाण्यानं धुवायचं असतं. आमच्याकडे गोडं पाणी घागरीनं मोजून, तेही पिण्यापुरतं. पंपाला कुठून घालणार?