अवरुद्धेचे घर

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीला तिच्या जोडीदाराने महिनाअखेरपर्यंत घर सोडायला सांगितले. मुंबईतले भाड्याचे घर, पाच वर्षांचा संसार, लग्न नाही. करार त्याच्या नावावर. फ्रिज आणि कपाट तिचे. "मला इथे राहायचा काही हक्क आहे का गं?" असे तिने मला विचारले, कारण मी वकील नसले तरी जुने निवाडे वाचण्याचा मला नाद आहे. उत्तर शोधताना मी फारच मागे गेले.

लग्नाविना पुरुषाने ठेवलेल्या स्त्रीला धर्मशास्त्रात शब्द आहे: अवरुद्धा. याज्ञवल्क्यस्मृतीत तो येतो दंडाच्या संदर्भात. दुसऱ्याच्या अवरुद्ध दासीकडे जाणाऱ्याला ५० पण दंड. मिताक्षरेत विज्ञानेश्वर अर्थ देतो: घरातच राहायचे असे बजावून परपुरुषापासून रोखलेली. बाहेर काढण्याचा प्रश्न या शब्दाला सुचलेलाच नाही, आत कोंडण्याची तेवढी सोय. वारसाविना मेलेल्याची संपत्ती राजाकडे गेली, तर अशा स्त्रियांच्या निर्वाहापुरते बाजूला काढावे, हे मात्र मिताक्षरा सांगते.

हाच धागा धरून इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी तिचा अन्नवस्त्राचा हक्क उभा केला, आणि त्यात मुंबईचे खटले महत्त्वाचे आहेत. बाई नागूबाई विरुद्ध बाई मोंघीबाई या खटल्यात १९२६ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की, तिने त्याच्या कुटुंबासोबत एका छपराखाली राहिलेले असण्याची गरज नाही. १९४५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, अक्कू प्रल्हादच्या खटल्यात, नवऱ्याला सोडून आलेली विवाहिताही अवरुद्धा ठरू शकते असे म्हटले. वाचताना वाटते, किती उदार! पण अट कायम होती. संबंध त्याच्या मरेपर्यंत टिकलेला हवा, आणि पुढेही तिने एकनिष्ठ राहायला हवे. जिवंतपणी तो "नीघ" म्हणाला, तर ती निघाली. तिचा हक्क त्याच्या मागे उरलेल्या मालमत्तेवर होता, त्याच्यावर नव्हता.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आश्रितांची यादी केली. तिच्यात अवरुद्धा नाही. त्यानंतर मरणाऱ्यांच्या बाबतीत तोही हक्क सरला, आणि जवळजवळ पन्नास वर्षे त्या जागी काहीच आले नाही.

मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. 'विवाहसदृश नाते' असलेल्या स्त्रीलाही त्याने सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. घर कोणाच्या नावावर, भाडे कोण भरतो, याने फरक पडत नाही. तिला घरात येऊ न देणे हाही आर्थिक छळच. दंडाधिकारी त्याला रोखू शकतो, प्रसंगी त्यालाच घराबाहेर जायला सांगू शकतो, किंवा त्याच दर्जाचे दुसरे घर वा त्याचे भाडे द्यायला लावू शकतो. मालकी मिळत नाही, पण उंबरठ्यावर उभे राहण्याचा आधार मिळतो. (पुरुष जोडीदाराला या कायद्यात ही वाट नाही.)

नाते विवाहसदृश होते हे कसे ठरवायचे? २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या घातल्या. दोघे विवाहयोग्य हवेत, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत, आणि समाजापुढे नवराबायकोसारखे वावरलेले हवेत. त्याच निकालात 'कीप' हा शब्द वापरला गेला, म्हणजे आपल्याकडची 'ठेवलेली'. तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी त्याच न्यायालयात त्याला आक्षेप घेतला. २०१३ मध्ये इंद्रा सर्मा खटल्यात, पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असूनही वर्षानुवर्षे त्याच्याबरोबर राहिलेल्या स्त्रीला या व्याख्येबाहेर ठेवले गेले. अशा स्त्रियांसाठी संसदेने काही करावे, असेही न्यायालय म्हणाले. मला ते वाक्य हात झटकल्यासारखे वाटते.

हे सगळे मी मैत्रिणीला सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. समाजापुढे नवराबायकोसारखे वावरण्याची कसोटी ऐकल्यावर मात्र हसली. लग्न न झालेल्या जोडप्याला घर द्यायला कोणी तयार नव्हते, म्हणून घरमालकाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला पाच वर्षे तिने स्वतःची ओळख त्याची मावसबहीण अशी करून दिली होती. रजिस्टरमध्येही तसेच लिहिले होते, तिच्याच अक्षरात.

तीस तारखेला आम्ही टेम्पो बोलावला. फ्रिज आधी उतरवला.