शेणाच्या कोळशाचा हिशेब

शेण, हाडे, अंड्यांची टरफले सांडपाण्यातील जड धातू धरून ठेवतात. तेव्हा पुण्यातील खराडीच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातच ती वापरा, मुळा-मुठा स्वस्तात निवळेल, असे मत हल्ली ठामपणे मांडले जाते. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. त्यासाठी शेणाचा कोळसा करतात; त्यात फॉस्फेट असते. शिशाशी संयोग होऊन त्याचा जवळजवळ न विरघळणारा क्षार बनतो. हाडांच्या कोळशाचेही तेच. उत्तरार्ध मात्र हिशेबाला टिकत नाही.

या केंद्राची क्षमता रोज 4 कोटी लिटर. प्रयोगशाळेत लिटरमागे 1 ग्रॅम कोळसा ही सर्रास मात्रा. त्या दराने रोज 40 टन कोळसा लागेल. तोही अशा पाण्यासाठी, ज्यात धातू अत्यल्प आणि कॅल्शियम, अमोनिया, सेंद्रिय द्रव्ये भरपूर. कोळशावरच्या जागा आधी तीच अडवणार. शिवाय जिवाणूंच्या प्रक्रियेत धातूंचा बराच वाटा गाळात उतरतोच.

‘जड धातू’ हा एकजिनसी शत्रूही नव्हे. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित असते आणि कोळशाचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारितच. शिसे धरणारा कोळसा त्याला दूर लोटतो. त्याचे आधी क्षपण करावे लागते.

मग कच्चे शेणच का नको? कारण ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि त्यातला फॉस्फरस जलपर्णीला पोसतो. कोंबडीखतात तर खाद्यातून आलेले जस्त आणि तांबेही असते.

म्हणून अशा कोळशावरचे संशोधन निरुपयोगी ठरते का? नाही, जागा चुकते. पिंपरी-चिंचवडच्या कारखानी पट्ट्यातून येणारी पवना दापोडीला मुळेला मिळते. तिच्यात मिसळलेले धातू नदीनेच खराडीपर्यंत येतात. मैलापाण्याच्या केंद्राशी त्यांची गाठच पडत नाही. प्लेटिंगच्या कारखान्यात धुण्याचे पाणी थोडे आणि धातू दाट असतो. तिथे चुन्याने धातू खाली बसवल्यावर उरलेसुरले शिसे, जस्त टिपायला हाडांच्या कोळशाचा स्तंभ योग्य.

मात्र धातू नाहीसा होत नाही, फक्त घर बदलतो. भरलेला कोळसा शेतात खत म्हणून न जाता रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात गेला पाहिजे. तो खर्च धरूनही जे परवडेल, त्यालाच स्वस्त म्हणावे.