प्लेगच्या साथीतली मुंबईची म्युनिसिपालिटी

मुंबईत मेट्रोचा पहिला मार्ग २०१४ साली सुरू झाला आणि ज्यांनी वर्सोव्याचा किनारा कधी पाहिला नाही, त्यांच्याही तोंडी वर्सोवा हे नाव बसले. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र वर्सोवा मुंबईत नव्हते. ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातले ते कोळ्यांचे एक गाव. मुंबईची हद्द माहीम-शीवपाशी संपे, आणि म्युनिसिपालिटीचा झाडू, नळ नि दिवाही तिथेच थांबे. आजची हकीगत त्या हद्दीच्या आतली आहे. पण ती नीट कळायला आधी हद्दीबाहेरच्या गावाकडे पाहिले पाहिजे.

प्लेगच्या आठवणी आपल्याकडे गावोगाव सांगितल्या जातात. घरात उंदीर पडू लागले, की जाणती माणसे म्हणायची, "चला, आता गाव सोडा." मग सारे गाव माळावर, शेतात झोपड्या घालून राही. उपाय मोठा शहाणपणाचा होता. उंदरावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली दाखवून दिले. गावकऱ्यांना पिसवेचे ठाऊक नव्हते, पण उंदीर मेलेल्या घरात राहू नये एवढे त्यांनी ओळखले होते. आणि गावाला असे बाहेर पडणे जमे. विहीर तीच, जळण रानातले, परसाकडे माळावर. गावातही घाणेरडी कामे काही थोड्यांच्याच माथी मारलेली होती, हे विसरून चालणार नाही. तरीपण चार लोकांनी काम सोडले म्हणून सबंध गाव दोन दिवसांत राहण्याच्या लायकीचे उरले नाही, असे होत नसे.

शहराची गोष्ट वेगळी. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर गेली होती. तानसाचे पाणी १८९२ साली शहरात आले. पाणी आले, पण ते वाहून नेणारी गटारे सगळीकडे नव्हती. शहराच्या पुष्कळ भागात पाटीचे संडास होते. दोन चाळींच्या मागल्या बाजूंना एक अरुंद गल्ली सोडलेली असे. त्या गल्लीत शिरून मैल्याच्या पाट्या उचलायच्या आणि गाडीपर्यंत वाहून न्यायच्या, हे काम करणाऱ्यांना हलालखोर म्हणत. म्युनिसिपालिटी त्यासाठी घरमालकांकडून हलालखोर कर घेई. रस्ते झाडणारे आणि कचरा भरणारे बिगारी ते आणखी निराळे. आठ लाखांचे शहर रोज सकाळी या माणसांच्या हातांवर उभे राही, आणि शहाण्यासुरत्या माणसांना त्याचा पत्ताही नसे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या आसपास, तापाने माणसे पटापट मरू लागली. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. त्या वेळी म्युनिसिपल कमिशनर होते पी. सी. एच. स्नो. त्यांनी ६ ऑक्टोबरला कडक हुकूम काढला : रोगी सापडला की त्याला घरातून हलवून इस्पितळात न्यायचे, गरज पडल्यास जबरदस्तीने. कागदावर हुकूम चोख होता. पण लोकांच्या मनात इस्पितळ म्हणजे परत न येण्याची जागा. जातपात, सोवळेओवळे, बायकामाणसांना परक्याने हात लावणे, या सगळ्या गोष्टी आड येत होत्या. रोगी लपवले जाऊ लागले. लोक आगगाडीने आणि होडीने शहर सोडू लागले. २९ ऑक्टोबरला गिरणीकामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

आणि मग स्नोसाहेबांच्या कानावर ती बातमी आली. हलालखोर आणि बिगारीही निघून जाण्याच्या गोष्टी बोलू लागले होते. तेही माणसेच. त्यांचीही बायकापोरे त्याच शहरात राहत होती आणि तोच हुकूम त्यांनाही लागू होता. घाणीत आणि मेलेल्या उंदरांत सगळ्यांच्या आधी हात घालायचा तो त्यांनीच, आणि आजारी पडले तर त्यांनाच उचलून नेणार!

कमिशनरांनी हिशेब केला. व्यापारी गेला तर बाजार बसेल. गिरणीवाला गेला तर गिरणी थांबेल. पण हलालखोर गेला तर प्लेग राहिला बाजूलाच, शहरात माणसाला राहताच यायचे नाही. हुकूम खरा करायचा, की शहर चालू ठेवायचे, असा तो पेच होता. इस्पितळावरच्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, हुकूम सौम्य झाला. घरी रोग्याला नीट वेगळे ठेवता येत असेल आणि उपचार होत असतील, तर त्याला नेणार नाही, असे जाहीर झाले. माझ्या मते साऱ्या साथीत म्युनिसिपालिटीने घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय. सरकारी अधिकाऱ्याने आपला हुकूम चोवीस दिवसांत मागे घ्यावा, हे त्या काळी काय, कुठल्याच काळी सोपे नाही.

पुढच्या महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. पण पाट्या उचलल्या जात होत्या, गटारे औषध घालून धुतली जात होती, घरांना चुना लागत होता, अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली जात होती. पळून गेलेल्यांबरोबर रोग साष्टीत आणि पुढे गावोगाव गेला. तिथे मागे झाडू घेऊन जाणारी म्युनिसिपालिटी बहुतेक ठिकाणी नव्हतीच.

ही अक्कल सरकारने फार दिवस टिकवली नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली, आणि घरझडत्या सुरू झाल्या. पुण्यात रँडसाहेबांच्या कारभाराचा शेवट काय झाला, ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. मुंबईत मार्च १८९८ मध्ये दंगा उसळला. पाठोपाठ गोदीतले मजूर आणि गाडीवाले यांनी काम टाकले नि बंदराचे शहर जागच्या जागी थबकले. त्यानंतर सक्ती पुन्हा सैल करावी लागली. स्नोसाहेबांना जे तीन आठवड्यांत उमगले, ते सरकारला कळायला दीड वर्ष लागले.

व्हिएगस यांचा पुतळा मुंबईत आहे. गेटेकर, रँड ही नावे पुस्तकांत आहेत. हलालखोरांपैकी एकाचेही नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही.

वर्सोवा १९५० साली बृहन्मुंबईत आले आणि म्युनिसिपालिटीचा नळ नि झाडू तिथवर पोचला. आज ते महापालिकेच्या के-पश्चिम विभागात मोडते. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने बाहेर काढला तो १८९७ चाच कायदा. सगळ्यांना सांगितले, घरात बसा. पण मुंबईचे पाणी ठरलेल्या वेळी ठरलेल्या भागात सोडावे लागते, आणि त्यासाठी चावीवाल्याला रस्त्यावर येऊन चावी फिरवावी लागते. हे पाणी बरेचसे शहापूरकडच्या धरणांतून येते, हे त्या भागातल्या श्रोत्यांना सांगायला नकोच. चावीवाला, झाडूवाला, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस, दवाखान्यातली परिचारिका, यांना घरी बसता येणार नव्हते, आणि त्यांतल्या पुष्कळांची घरे वसई-विरार, कल्याण-बदलापूर अशी लांब. लोकलगाड्या २२ मार्चच्या रात्रीपासून बंद झालेल्या. म्हणून बेस्टच्या आणि एस.टी.च्या बसगाड्या खास त्यांच्यासाठी सोडल्या गेल्या. लोकल त्यांच्यापुरत्या पुन्हा सुरू झाल्या, त्या १५ जूनला.