पंधरा वर्षांचं भाडं, महिन्याचं गिऱ्हाईक

पुण्यात कोवर्किंग स्पेस काढायचं आम्ही तिघा मित्रांनी ठरवलं. जागा विकत घ्यायची की भाड्याने, यावर मात्र एकमत होईना. कोडच्या नोकरीमुळे मला एक सवय लागलीय: नवीन काही उभारायच्या आधी जुनं कुठे कोसळलं ते बघायचं. म्हणून या धंद्याचा इतिहास वाचायला घेतला.

१९८९ मध्ये मार्क डिक्सन या इंग्रज माणसाने ब्रुसेल्समध्ये 'रीजस' सुरू केली. मालकाकडून मजले लांब मुदतीने घ्यायचे, टेबल-खुर्च्या लावायच्या आणि छोट्या कंपन्यांना थोड्या मुदतीने द्यायचे. मधला फरक तो नफा. मग डॉटकॉमचा फुगा फुटला. गिऱ्हाइकं निघून गेली, मालकांशी केलेले करार मात्र राहिले. जानेवारी २००३ मध्ये रीजसच्या अमेरिकेतल्या शाखेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हे उदाहरण समोर असतानाही २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या 'वीवर्क'ने तोच मार्ग धरला, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर. २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरण्यासाठी त्यांनी कागदपत्रं दाखल केली, तेव्हा आकडे उघडे पडले. पुढच्या वर्षांत द्यायचं भाडं सुमारे ४७ अब्ज डॉलर आणि गिऱ्हाइकांनी कबूल केलेली रक्कम सुमारे ४ अब्ज. अमेरिकेतले त्यांचे करार साधारण १५ वर्षांचे होते. पुढे कोविडमध्ये ऑफिसं ओस पडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये वीवर्कनेही दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या आडोशाने बरेच करार मोडून घेतले.

"म्हणजे विकतच घ्यायला हवी," आमच्यातला एक म्हणाला. त्याच्याही बाजूने दाखला आहे. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरची 'लॉर्ड अँड टेलर'ची इमारत वीवर्कने घ्यायचं ठरवलं, ते २०१७ मध्ये, ८५ कोटी डॉलरला. पुढे २०२० मध्ये ती ॲमेझॉनने घेतली. मालकीची जागा विकता येते. भाड्याचा करार तसा विकून मोकळं होता येत नाही.

पण आमचं गणित वेगळं होतं. विकत घ्यायची तर कर्जासाठी त्याच मित्राच्या आईवडिलांचं राहतं घर तारण ठेवावं लागणार होतं. गिऱ्हाईक महिन्याच्या नोटिशीवर जाणार आणि हप्ता १५ वर्षं चालणार. म्हणजे वीवर्कचीच चूक, फक्त घरमालकाच्या जागी बँक.

विकत की भाड्याने, यापेक्षा देणं किती काळाचं आणि येणं किती काळाचं, हे आधी बघायला हवं. गेल्या काही वर्षांत रीजसही, आता 'आयडब्ल्यूजी' या नावाखाली, ठरावीक भाड्याऐवजी मालकाशी उत्पन्न वाटून घेण्याचे करार जास्त करते. आम्हीही जागामालकापुढे तेच ठेवलं: भाडं थोडं, वर उत्पन्नातला हिस्सा, लॉक-इन फक्त एक वर्षाचं. ते अजून विचार करताहेत. नाही म्हणाले तर दुसरी जागा शोधू, पण ते घर तारण ठेवायचं नाही, एवढं तिघांचंही ठरलंय.