सेवाग्रामचा उत्तर बुनियादी वर्ग

मँगनीजच्या खाणीमुळे ओळखल्या जाणाऱ्या आमच्या उकव्यात वरच्या वर्गांतील मुले शाळा सोडताना एकच प्रश्न विचारतात, "गुरुजी, आता पुढे काय करू?" सतरा वर्षांच्या मुलाला ह्याचा निर्णय स्वतः घेता यावा, अशी त्याची तयारी आम्ही करून घेतलेली असते काय? ह्याच प्रश्नाला हात घालणारा एक प्रयोग वर्ध्याजवळ सेवाग्रामला झाला. वर्धा आणि बालाघाट तेव्हा एकाच मध्यप्रांतातले जिल्हे होते. १९५६ साली त्यांची ताटातूट झाली.

१९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना आखली. मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च निघावा, ही कल्पना पुष्कळांना खटकली, प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच तिला विरोध केला. लहान मुलांपुरता तो आक्षेप मला आजही रास्त वाटतो. चौदा वर्षांपुढील मुलांची गोष्ट निराळी. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेने नयी तालीमचे क्षेत्र जन्मापासून वार्धक्यापर्यंत विस्तारले, आणि ह्या मोठ्या मुलांसाठी 'उत्तर बुनियादी' हा टप्पा पुढे आला.

हिंदुस्तानी तालीमी संघाची धुरा आर्यनायकम् आणि आशादेवी ह्या दांपत्याकडे होती. ते जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती, त्या बंगाली. दोघांचीही उमेदवारी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात झालेली. सेवाग्रामला मुले-मुली एकत्र राहत, शेतात राबत, सूत काढीत आणि आपल्या अन्नवस्त्राचा भार आपल्याच श्रमांवर पेलण्याचा यत्न करीत. त्यांची आमसभा असे. ती आपले मंत्री निवडी, आणि मंत्र्यांना तिच्यापुढे आपल्या कामाचा अहवाल ठेवावा लागे. जेवण बिघडले तर आचाऱ्याला बोल लावण्याची सोय नव्हती, कारण आचारी आपणच!

मात्र ह्या शिक्षणाला विद्यापीठांच्या दारी मान मिळाला नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरीची वाट मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावरून जात होती. पालकांनी त्या वाटेकडे पाहिले, ह्यात त्यांना दोष कसा द्यावा? शाळा पुढे बंद पडली. २००५ साली त्याच आवारात 'आनंद निकेतन' ही शाळा सुरू झाली.

सेवाग्रामचा सगळा संसार आमच्या शाळेत मांडणे शक्य नव्हते. मी एवढेच केले, की सहलीचा पैसा आणि हिशेबाची वही वरच्या वर्गाच्या हाती सोपवली. पहिल्याच वर्षी तेवीस रुपयांची तूट आली. ती कोठे गेली, हे शोधण्यात मुलांच्या दोन संध्याकाळी गेल्या. वही माझ्या मेजावरच होती; मी ती उघडली नाही.